पाळी गेल्यानंतर दिसलेला एक डाग, आणि आपण कुणालाच न सांगितलेल्या गोष्टी

रातराणी (धागाकर्ती)

बरेच दिवस लिहू की नको चाललं होतं, आज लिहूनच टाकते. मोठं होणार आहे, सांभाळून घ्या.

मी आता ५८ ची. शेवटची पाळी ५३ व्या वर्षी आली, त्यानंतर पूर्ण बारा महिने काही नाही, मग मेनोपॉज झाला असं धरलं. (हे बारा महिने सलग लागतात, नवव्या महिन्यात परत आली तर मोजणी पहिल्यापासून, हे मला तेव्हा माहीत नव्हतं.) सुटले एकदाची असं वाटलं होतं. मग ५६ ची असताना एका सकाळी कपड्यावर फिकट गुलाबी डाग दिसला, नखाएवढा. दुखत काही नव्हतं. धुवून टाकला आणि विसरले, म्हणजे विसरले असं स्वतःला सांगितलं. तीन आठवड्यांनी परत. मग एकदा तपकिरी. उष्णता झाली असेल, जिना जास्त चढला असेन, काहीतरी जड उचललं असेल, दर वेळी कारण तयारच होतं माझ्याकडे. असे पाच महिने काढले.

नवऱ्याला सांगितलं नाही, मुलीला नाही, बहिणीशी रोज फोनवर बोलते तिलाही नाही. शेवटी बीपीच्या गोळ्यांसाठी आमच्या फॅमिली डॉक्टरांकडे गेले होते, त्यांनी चिठ्ठी लिहिता लिहिता विचारलं बाकी काही त्रास, आणि मी उठता उठता म्हटलं की नाही तसं काही नाही, कधीतरी डाग पडतो थोडासा. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि म्हणाल्या, बसा परत.

त्याच आठवड्यात आतून सोनोग्राफी झाली. पाळी गेल्यावर गर्भपिशवीच्या आतलं अस्तर पातळ व्हायला हवं, रक्त दिसलेल्या बाईचं ते ४ मिलिमीटर किंवा त्याहून कमी असेल तर डॉक्टर बरेच निश्चिंत होतात. माझं १३ होतं. मग बायोप्सी, एक बारीक नळी आत घालून अस्तराचा तुकडा घेतात, भूल न देता ओपीडीतच झाली, पाळीत कळ येते तशी पण जोरात येते, एखादं मिनिट. रिपोर्ट कॅन्सरचा आला. पहिली स्टेज. पिशवी, दोन्ही ओव्हरीज आणि नळ्या काढल्या, पुढे रेडिएशन लागलं नाही, केमो लागली नाही. आता दोन वर्षं होत आली, दर सहा महिन्यांनी दाखवून येते, ठीक आहे.

डॉक्टरांनी नंतर जे सांगितलं ते जसंच्या तसं लिहिते. पाळी गेल्यानंतर रक्त दिसलेल्या शंभर बायकांमधल्या साधारण नऊ-दहा जणींना कॅन्सर निघतो. म्हणजे नव्वद जणींना नाही निघत, कुणाला पॉलिप (आत वाढलेला छोटा कोंब) असतो, कुणाची आतली त्वचा कोरडी पातळ होऊन रक्त आलेलं असतं, त्यामुळे डाग दिसला की लगेच हातपाय गाळायचे नाहीत. पण उलट्या बाजूने बघितलं तर अस्तराचा कॅन्सर झालेल्या शंभरातल्या नव्वद जणींना रक्त दिसलेलं असतं. किती कॅन्सर असे असतात जे स्वतःहून सांगून येतात? हा येतो. आणि मी पाच महिने तो धुवून टाकत होते.

हॉस्पिटलमध्ये पडल्या पडल्या विचार करत होते की मी अजून काय काय लपवलंय. शिंकले की लघवी सुटते, सात वर्षं झाली. नवऱ्याजवळ जायला नको वाटतं कारण दुखतं. रात्री तीनला घामाने चिंब होऊन उठते. यातलं एकही कधी डॉक्टरला सांगितलं नाही, आणि बीपीची चिठ्ठी घ्यायला मात्र दर तीन महिन्यांनी जात होते. म्हणून हा धागा. तुम्ही काय सांगितलं नाहीये, किंवा सांगितल्यावर काय झालं, लिहा प्लीज.

मोरपीस

अंगावर काटा आला वाचताना. ताई तुम्ही लिहिलंत हे फार मोठं काम केलंत.

एक विचारू का, मी ४९ ची, माझी पाळी अजून गेलेली नाही पण कधी २० दिवसांनी कधी दोन महिन्यांनी, आणि मधेच डाग पण पडतात. हे पण दाखवायचं का, की या वयात असंच असतं?

कवडसा

मी २२ वर्षं स्त्रीरोग ओपीडीत नर्स आहे, मोरपीस तुमच्यासाठी लिहिते. पाळी जायच्या आधीची तीन-चार वर्षं, कुणाकुणाची जास्तही, दोन पाळ्यांमधलं अंतर कमीजास्त होणं हे अगदी नेहमीचं. बीजकोष एखाद्या महिन्यात काम करतात एखाद्या महिन्यात नाही करत, म्हणून. अंतर बदललं एवढ्याने घाबरायचं नाही. पण दोन पाळ्यांच्या मधे डाग, संबंधांनंतर रक्त, सात दिवसांच्या पुढे चालणारी पाळी, तासातासाला पॅड बदलायला लागणं, रक्ताच्या मोठ्या गाठी पडणं, हे दाखवायचंच. आणि पंचेचाळिशी ओलांडलेल्या बाईला असं होत असेल तर डॉक्टर बहुतेक वेळा अस्तराची बायोप्सी सुचवतात, त्याने घाबरून जाऊन परत न येणाऱ्या खूप बायका बघितल्यात मी. ती तपासणी आहे, कॅन्सर आहे असं कुणी म्हटलेलं नसतं.

अजून एक, मेनोपॉज आलाय का बघायला हार्मोनची तपासणी करा असं कुणी सांगितलं तर ४५ च्या पुढे तिची बहुतेक वेळा गरजच नसते. या काळात एफएसएच (त्या तपासणीत मोजतात ते हार्मोन) आज एक येतं आणि पुढच्या महिन्यात भलतंच येतं. लक्षणांवरूनच ठरवतात. चाळिशीच्या आत पाळी गेली तर मात्र तपासणी हवीच, ते वेगळं आणि त्याला उपचार लागतात.

मोरपीस

थँक्यू. या आठवड्यात अपॉइंटमेंट घेते.

निळाई

माझं उलटं. मी लपवलं नाही, मला वाटलं सगळ्यांना असंच होतं. ४४ व्या वर्षापासून अंगावर खूप जायला लागलं, पहिले तीन दिवस घराबाहेर पडायची सोय नाही, रात्री उठून चादर बदलायची. वर्षभर काढलं. जिना चढताना धाप लागायला लागली तेव्हा वजन वाढलंय म्हणून लागते असं धरून चालले, चालायला जायला लागले तर चक्कर येऊन बसले रस्त्यात. हिमोग्लोबिन ७.२ निघालं.

सोनोग्राफीत फायब्रॉइड (पिशवीतल्या साध्या गाठी) होते दोन, लहानच होते. पहिल्या ठिकाणी लगेच पिशवी काढून टाका म्हणाले, आता काय उपयोग आहे तिचा, असे शब्द. आणि त्याच वेळी ओव्हरीजही काढू म्हणाले. मी रडत बाहेर आले. बहिणीने दुसरीकडे नेलं, तिथल्या डॉक्टरांनी बायोप्सी करून काही वाईट नाही हे आधी बघितलं आणि मग हार्मोनची कॉइल बसवली, ती आतल्या आतच थोडं थोडं हार्मोन सोडते आणि अस्तर पातळ ठेवते. पहिले चार महिने सारखे डाग, वैतागले होते काढून टाकायला निघाले होते, मग एकदम कमी झालं. आता नावापुरतं येतं. लोहाची इंजेक्शनं घेतली, हिमोग्लोबिन १२ ला आलंय आणि मला कळलं की मी आळशी झाले नव्हते, माझ्यात रक्तच नव्हतं.

त्या दुसऱ्या डॉक्टर म्हणाल्या होत्या की कारण नसताना ४५ च्या आत ओव्हरीज काढल्या तर हाडांना आणि हृदयाला पुढे महागात पडतं, हे मला आधीच्या ठिकाणी कुणीच सांगितलं नव्हतं. पिशवी काढायची वेळ खरंच येऊ शकते, फायब्रॉइड मोठे असतील, बाकी उपाय करून झाले असतील, मी नको म्हणत नाहीये कुणाला. पण ओव्हरीज ठेवणार की काढणार आणि का, हे विचारा. एकदा तरी विचारा.

रातराणी

निळाई, "मी आळशी झाले नव्हते माझ्यात रक्तच नव्हतं" हे वाचून डोळ्यात पाणी आलं गं. किती जणी स्वतःला आळशी म्हणत बसल्या असतील.

पाऊलवाट

मी लिहिते लपवलेलं. लघवी. दोन्ही प्रकारची होते मला, खोकला-शिंक-हसण्याने पण आणि घराच्या दाराशी किल्ली लावताना अचानक इतकी जोरात लागते की आत पोचेपर्यंत थांबत नाही. प्रवास बंद केलेत मी. मैत्रिणींबरोबर जाणं बंद केलं, त्यांना वाटतं मला त्यांचा राग आलाय. पाणी कमी पिते, तीन ग्लास दिवसभरात. कुठेही गेलं की पहिल्यांदा बाथरूम कुठे ते बघते. मी ५४ ची आहे, अजून वीस-पंचवीस वर्षं असंच काढायचं का?

कवडसा

पाऊलवाट, नाही, असंच काढायचं नाही. आणि पाणी आधी वाढवा. लघवी दाट झाली की मूत्राशयाला अजून टोचते आणि अजून घाई लागते, वर इन्फेक्शनचा धोका.

तुम्ही सांगताय ते दोन वेगळे प्रकार आहेत आणि दोन्ही एकत्र असणं खूप कॉमन आहे. खोकताना सुटते ती खालच्या स्नायूंची झोळी सैल झाल्यामुळे, बाळंतपणं, वजन, जुना खोकला, बद्धकोष्ठता, सगळ्याचा ताण त्या झोळीवर येतो. घाई लागून सुटते ती मूत्राशय स्वतःच नको तेव्हा आवळल्यामुळे. पहिल्यासाठी त्या स्नायूंचे व्यायाम. दुसऱ्यासाठी मूत्राशयाला शिस्त लावणं, म्हणजे लागली की धावायचं नाही, आधी थांबायचं, स्नायू चार-पाचदा आवळायचे, लाट ओसरली की मग चालत जायचं, आणि दोन वेळांमधलं अंतर दर आठवड्याला दहा-पंधरा मिनिटांनी वाढवायचं. चहा-कॉफी कमी करून बघायची, फरक पडतो बऱ्याच जणींना. याने नाही भागलं तर गोळ्या आहेत, खोकताना सुटणाऱ्यासाठी ऑपरेशनही आहे.

तीन दिवसांची डायरी लिहून न्या डॉक्टरांकडे, किती वाजता किती पाणी प्यायलात, किती वाजता लघवी, कधी सुटली, तेव्हा काय करत होतात. साधी वही चालेल. पहिल्या भेटीत तुमचं अर्धं काम त्यानेच होईल.

वळीव

व्यायामाबद्दल माझं थोडं, कारण मी चुकीचा करत होते दोन वर्षं आणि मग उपयोग नाही म्हणून सोडून दिला होता. मी पोट आणि मांड्या आवळत होते! फिजिओने सांगितलं तेव्हा कळलं. वायू सरकू नये म्हणून जसं आवळतो आणि लघवी थांबवतो तसं, दोन्ही एकदम, आत आणि वर ओढल्यासारखं, श्वास न रोखता. पोट मऊ राहिलं पाहिजे. आवळून पाच सेकंद धरायचं, तेवढंच सोडायचं (सोडणं पण पूर्ण हवं, हे पण मी करत नव्हते), एका वेळी आठ-दहा वेळा, दिवसातून तीनदा. आणि लघवी करता करता थांबवून हा व्यायाम करायचा नाही, कुठला स्नायू ते ओळखायला एकदा बघितलं तर ठीक, रोज नाही. फरक मला दुसऱ्या महिन्याच्या शेवटी कळला, डॉक्टर पण तीन महिने तरी द्या म्हणतात. आता शिंक येणार असं वाटलं की आधी आवळते, सुटत नाही. दहातून नऊदा नाही.

किनारा

मी पुरुष आहे, इथे लिहू की नको कळत नव्हतं. आई ६९ ची आहे. ती बायकोला म्हणाली की खाली काहीतरी बाहेर आल्यासारखं वाटतं, संध्याकाळी जास्त, आणि हाताने आत सारावं लागतं तेव्हा लघवी होते. किती दिवस विचारलं तर चार वर्षं म्हणाली. चार वर्षं आमच्या घरात, आमच्या समोर. या वयात ऑपरेशन झेपेल का, तिला शुगर आहे. ती म्हणते मला कुठे नेऊ नका मी अशीच बरी आहे.

कवडसा

किनारा, लिहिलंत ते फार चांगलं केलंत, तुमच्यासारखे मुलगे हवेत. याला आमच्याकडे बायका अंग बाहेर येतं म्हणतात. गर्भपिशवी किंवा मूत्राशय खाली सरकलेलं असतं. हा कॅन्सर नाही, जीवाला एकदम धोका नाही, पण लघवी पूर्ण होत नसेल तर मागे साचून सारखं इन्फेक्शन होतं, कधी किडनीवरही दाब येतो, म्हणून दाखवायला हवं.

ऑपरेशन हाच एक उपाय नाही हे आईंना आधी सांगा, बहुतेक त्याच भीतीने त्या गप्प आहेत. पेसरी नावाची सिलिकॉनची रिंग असते, ती आत बसवतात, पिशवीला टेकू देते. ओपीडीत बसते, भूल नाही, टाके नाहीत. साइज जमेपर्यंत एकदोनदा बदलायला लागते. काही बायका स्वतः काढून धुवून घालायला शिकतात, ज्यांना जमत नाही त्यांची काही महिन्यांनी दवाखान्यात बदलतात. मी बघितलेल्या कितीतरी बायका रिंगवर वर्षानुवर्षं आरामात आहेत. आणि शुगर आटोक्यात असेल तर ६९ व्या वर्षी ऑपरेशनही होतं.

बायकोला बरोबर पाठवा. तुम्ही बाहेर बसा. आत काय झालं ते आई आपणहून सांगेल तेवढंच ऐका.

सांजवेळ

सगळे अनुभव वाचले, वाईट वाटलं. पण एक मत मांडते, राग मानू नका. पाळी जाणं हा आजार नाहीये. आपल्या आज्या-पणज्यांनी हे सगळं कुठल्याही गोळीशिवाय पार केलं. प्रत्येक गोष्टीला डॉक्टर आणि हार्मोन केलं तर आपण निरोगी बाईला पेशंट करतोय असं मला मनापासून वाटतं. पाळी जातानाच्या त्रासावर देतात त्या हार्मोनच्या गोळ्यांनी ब्रेस्ट कॅन्सर होतो हे सगळ्यांना माहीत आहे.

वळीव

सांजवेळ, आजार नाही हे मला पण पटतं. पण आज्यांनी पार केलं म्हणजे त्यांना त्रास नव्हता असं नाही ना, किनारांच्या आईनेही चार वर्षं पार केलीच की.

हार्मोनबद्दल मी खूप वाचलं होतं घ्यायच्या आधी, म्हणून लिहिते. ही भीती आली ती २००२ साली, अमेरिकेत विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह नावाचा मोठा अभ्यास चालू होता त्यातला दोन हार्मोनचा (इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन) गट त्यांनी मधेच थांबवला. सोळा हजारांवर बायका होत्या त्यात. धोका वाढला हे खरंच होतं, पण किती, तर दहा हजार बायकांमागे वर्षाला ब्रेस्ट कॅन्सरच्या ८ केसेस जास्त. आणि त्या बायकांचं सरासरी वय होतं ६३. म्हणजे पाळी जाऊन दहा-बारा वर्षं झालेल्या. हे आकडे मागे राहिले आणि भीती तेवढी पुढे आली, जगभर बायकांनी गोळ्या टाकून दिल्या. पुढे त्याच माहितीचा वयानुसार हिशोब केला तेव्हा दिसलं की साठीच्या आत किंवा पाळी जाऊन दहा वर्षं व्हायच्या आत सुरू केलं आणि त्रास खरंच जास्त असेल तर बहुतेक निरोगी बायकांना फायदा धोक्यापेक्षा जास्त.

सगळ्यांना चालत नाही. ब्रेस्ट कॅन्सर होऊन गेलाय, पायात किंवा फुप्फुसात रक्ताची गाठ झाली होती, स्ट्रोक, लिव्हरचा आजार, कारण न कळलेलं रक्त जातंय, अशांना देत नाहीत. पिशवी असेल तर नुसतं इस्ट्रोजेन कधीच नाही, सोबत दुसरं हार्मोन लागतंच, नाहीतर अस्तर वाढत जातं (रातराणीताईंना झालं त्याचाच धोका). आणि त्वचेवर लावायच्या पट्टीत किंवा जेलमध्ये गाठीचा धोका गोळीपेक्षा कमी असतो. मी पट्टी लावते. दिवसातून चौदा-पंधरा वेळा मानेपासून वर भडका यायचा, मीटिंगमध्ये बोलता बोलता घाम, रात्री तीनदा उठणं, मुलांवर ओरडणं, वर्षभर झोपले नव्हते मी. तिसऱ्या आठवड्यात रात्र पूर्ण झोपले. उठल्यावर मला कळेचना की सकाळ झालीये.

सांजवेळ

वळीव, आकडे मला माहीत नव्हते. मी ऐकीव लिहिलं, मान्य. मला स्वतःला त्रास फार झाला नाही त्यामुळे कदाचित तसं वाटत असेल. तरी ज्यांना हार्मोन चालत नाहीत त्यांनी काय करायचं?

कवडसा

सांजवेळ, चांगला प्रश्न. आहेत उपाय. डिप्रेशनच्या गोळ्यांमधल्या काही कमी डोसमध्ये या भडक्यांवर चालतात (टॅमॉक्सिफेन, म्हणजे ब्रेस्ट कॅन्सरवरची गोळी, चालू असेल तर त्यातल्या सगळ्या चालत नाहीत, डॉक्टरांना आधी सांगायचं), गॅबापेंटिन (एरवी नसांच्या दुखण्यावर देतात ती गोळी) चालतं, विचार आणि झोपेच्या सवयींवर काम करणारी सीबीटी थेरपीही उपयोगी पडते. २०२३ मध्ये फेझोलिनेटंट नावाची हार्मोन नसलेली गोळी आली, मेंदूतल्या तापमान सांभाळणाऱ्या केंद्रावरच ती काम करते, फक्त लिव्हरची तपासणी करत राहावी लागते. इस्ट्रोजेन कमी झालं की ते केंद्र फार हळवं होतं, शरीर जरासं तापलं तरी त्याला वाटतं फार गरम झालं आणि ते घाम सोडतं. तेच हे भडके.

आणि किती दिवस चालतं विचारतात सगळ्या. वर्ष-दोन वर्षांत जातं असं आम्हीही सांगायचो. अमेरिकेतल्या एका लांब चाललेल्या अभ्यासात मधला आकडा ७.४ वर्षं निघाला. साडेसात वर्षं न झोपलेल्या बाईला सहन कर म्हणणं मला आता जमत नाही.

अबोली

मी या साइटवर सहा वर्षं नुसती वाचते, कधी लिहिलं नाही. आज लिहिते कारण रातराणीताईंनी एका ओळीत लिहिलं ते माझं आहे. जवळ जायला नको वाटतं कारण दुखतं.

काच फुटल्यासारखं दुखायचं. मी ५१ ची होते. त्यांना वाटलं माझं मन उडालं, मी पण सांगितलं नाही की दुखतं म्हणून, काय सांगणार, कुठल्या शब्दात सांगणार, आमच्यात असं बोलायची सवयच नाही. हळूहळू मी उशिरा झोपायला जायला लागले, काहीतरी काम काढून. मग बोलणंच कमी झालं. तीन वर्षं. त्याच काळात सारखं लघवीचं इन्फेक्शन, वर्षात पाच वेळा अँटिबायोटिक. दोन्हीचा काही संबंध असेल असं माझ्या डोक्यातही आलं नाही.

एका नवीन डॉक्टरांनी पाचव्या इन्फेक्शनला विचारलं, खाली कोरडं वाटतं का, संबंधांच्या वेळी दुखतं का. मी हो म्हटलं आणि रडायला लागले तिथेच. त्यांनी समजावलं की इस्ट्रोजेन गेलं की योनीची आणि लघवीच्या मार्गाची त्वचा दोन्ही पातळ होतात, तिथले चांगले जंतू कमी होतात, आम्लता जाते आणि मग इन्फेक्शनचे जंतू तिथे राहायला येतात. म्हणजे एकाच गोष्टीच्या दोन तक्रारी. आणि हे भडक्यांसारखं आपोआप जात नाही, वाढतच जातं उपचार न केले तर.

आत लावायचं इस्ट्रोजेनचं क्रीम दिलं, दोन आठवडे रोज, मग आठवड्यातून दोनदा. रक्तात फारच थोडं जातं. दीड-दोन महिन्यांनी फरक पडला. नंतरच्या चौदा महिन्यांत एकच इन्फेक्शन. शिवाय पाण्याचं बेस असलेलं ल्युब्रिकंट, आणि साबण तिथे अजिबात नाही.

त्यांना मी डॉक्टरांचा कागद दाखवला, तोंडाने सांगता येईना म्हणून. ते वाचून बराच वेळ गप्प बसले आणि म्हणाले मला वाटत होतं मी तुला नकोसा झालोय.

रातराणी

अबोली. काय लिहू. तुझा प्रतिसाद मी दोनदा वाचला आणि मग नवऱ्याला वाचायला दिला.

मोरपीस

अबोली ताई 🙏

ज्यांना ब्रेस्ट कॅन्सर होऊन गेलाय त्यांना ते क्रीम चालतं का, मावशीसाठी विचारतेय.

कवडसा

मोरपीस, त्यांनी आधी हार्मोन नसलेले मॉइश्चरायझर आणि ल्युब्रिकंट वापरायचे. त्याने भागलं नाही तर त्यांच्या कॅन्सरच्या डॉक्टरांना विचारूनच, कारण त्या कुठली गोळी घेताहेत त्यावर ते ठरतं. स्वतःहून आणून लावायचं नाही.

मधेच एक सांगते, धागा खालच्या तक्रारींवर चाललाय म्हणून. पन्नाशीनंतर नव्याने सारखं पोट फुगणं, चार घासात पोट भरणं, ओटीपोटात दुखणं, सारखी लघवी, असं महिन्यातले बरेच दिवस होत असेल तर गॅसची गोळी घेत बसायचं नाही, ओव्हरीची तपासणी करून घ्यायची. हे फार उशिरा येतं आमच्याकडे. आणि छातीत धडधड, धाप, जबडा-पाठ-खांदा दुखणं, मळमळ, कधी नव्हे असा थकवा, याला मेनोपॉजचं आहे म्हणून घरी झोपून राहायचं नाही. बाईच्या हार्ट अटॅकमध्ये छातीत कळ येतेच असं नाही.

निळाई

आणि थायरॉइड पण! थकवा, वजन, केस, मूड, पाळी, सगळं सारखंच दिसतं. टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी) एकदा करून घ्याच.

पारवा

हाडांबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून थोडक्यात. ६१ व्या वर्षी साध्या जमिनीवर पाय सरकून मनगट मोडलं. प्लास्टर काढलं, घरी आले, कुणी काही बोललं नाही. पुढच्या वर्षी पाठ दुखायला लागली तर मणका दबलेला, उंची दोन सेंटिमीटर कमी झाली होती. तेव्हा कुठे डेक्सा स्कॅन (हाडांची घनता मोजणारा) झाला, टी स्कोअर उणे ३.१. उणे २.५ आणि त्याखाली म्हणजे हाडं ठिसूळ. ते मनगट मोडलं तेव्हाच हा स्कॅन व्हायला हवा होता. उभ्या उंचीवरून पडून हाड मोडलं तर पन्नाशीनंतर ते नुसतं पडणं नसतं, ते हाडांनी दिलेलं पत्र आहे. आता आठवड्यातून एकदा गोळी, सकाळी उपाशीपोटी ग्लासभर साध्या पाण्याबरोबर आणि मग अर्धा तास आडवं व्हायचं नाही, नाहीतर अन्ननलिकेला जळजळ होते. कॅल्शियम, व्हिटॅमिन डी, आणि वजन उचलण्याचे व्यायाम फिजिओकडून शिकून.

धुकं

मी नवीन आहे. मी ६२ ची. पाळी जाऊन अकरा वर्षं झाली. मला दोन महिन्यांत तीन वेळा डाग दिसला. शेवटचा परवा. मुलीला सांगितलं नाही कारण तिची परीक्षा आहे पुढच्या महिन्यात. हा धागा काल रात्री वाचला. परीक्षा झाल्यावर गेलं तर चालेल का?

रातराणी

धुकं ताई, नाही. नका थांबू. मी पाच महिने थांबले, माझं नशीब म्हणून पहिल्या स्टेजला मिळालं, दर वेळी तसं होईल असं नाही. उद्या फोन लावा. फोनवर "पाळी जाऊन अकरा वर्षं झाली आणि रक्त दिसलं" एवढंच वाक्य म्हणायचं, पाहिजे तर कागदावर लिहून वाचा, मी आरशासमोर म्हणून बघितलं होतं. पहिलं वाक्य हेच, बीपी शुगर गुडघे सगळं नंतर. आणि मुलीला सांगायचं नसेल तर आत्ता नका सांगू, पण एकट्या जाऊ नका, कुणीतरी बरोबर घ्या.

कवडसा

धुकं, शेवटचा डाग कुठल्या तारखेला, कुठल्या गोळ्या चालू आहेत (रक्त पातळ करणाऱ्या असतील तर त्या खास), टॅमॉक्सिफेन कधी घेतलंय का, शुगर आहे का, एवढं लिहून न्या. आतून सोनोग्राफीला लघवी करून जायचं, भरलेलं मूत्राशय नको. बायोप्सी ठरली तर आधी तासभर कुठली दुखण्यावरची गोळी घेतलेली चालेल ते विचारून ठेवा.

किनारा

अपडेट. आई काल डॉक्टरांकडे जाऊन आली. रिंग बसवली, दुसरी साइज जमली. संध्याकाळी अंगणात उभी राहून अर्धा तास बोलत होती शेजारणीशी. मी काही विचारलं नाही, ती आपणहून बायकोला म्हणाली की चार वर्षं उगाच काढली.

पाऊलवाट

डायरी लिहिली तीन दिवस. सोळा वेळा जाते मी दिवसात, कागदावर बघितल्यावर धक्का बसला. सोमवारी अपॉइंटमेंट आहे. पाणी सहा ग्लासवर आणलंय.

धुकं

जाऊन आले. जाऊबाई आल्या होत्या बरोबर. वाक्य कागदावर लिहून नेलं होतं पण वाचायला लागलं नाही, तोंडातून निघालं. अस्तर ९ मिलिमीटर आहे. बायोप्सी आजच केली, दुखलं पण मिनिटभरच, रातराणी ताई तुम्ही लिहिलं होतं तसंच. डॉक्टर म्हणाल्या पॉलिप असू शकतो, रिपोर्ट आल्याशिवाय काही बोलायचं नाही. शुक्रवारी रिपोर्ट आहे.

घरी आल्यावर मुलीला सांगितलं. ती पुस्तक मिटून जवळ येऊन बसली आणि म्हणाली शुक्रवारी मी येणार बरोबर.

रातराणी

शुक्रवारी इथे लिहा ताई, काहीही असलं तरी. मी दिवसभर बघत राहीन.